गिरगावचे मॅजेस्टिक आणि आमचा किनारा



अलिबागसारख्या गावी इतिहासावर बोलावयास कोणी उभे राहिले की ऐकणाऱ्यांची एक रास्त अपेक्षा असते. समोर कुलाब्याचा किल्ला, गावात हिराकोट, पलीकडे खांदेरी आणि उंदेरी. आंगऱ्यांचे नाव निघाले नाही तर व्याख्यान झाले असे येथे कोणी मानीत नाही. आम्ही आज जी वास्तू बोलण्यासाठी घेतली आहे ती या किनाऱ्यावर कधी नव्हती, आणि आता ती कोठेच नाही. ती मुंबईत गिरगावात होती. तिला मॅजेस्टिक सिनेमा म्हणत. १४ मार्च १९३१ रोजी, शनिवारी, या थिएटरात 'आलम आरा' हा पहिला हिंदी बोलपट लागला. हिंदुस्थानातल्या माणसाला पडद्यावरचे माणूस आपल्या देशातल्या भाषेत बोलताना आणि गाताना पूर्ण लांबीच्या चित्रपटात प्रथम ऐकू आले ते येथे.

आज तो चित्रपटही नाही आणि ते थिएटरही नाही. चित्रपटाची एकही प्रत उरलेली नाही. काही छायाचित्रे, जाहिराती आणि पुस्तिका तेवढ्या राहिल्या. थिएटर १९७० च्या दशकात पाडले गेले आणि त्या जागी दुकानांची इमारत उभी राहिली, तिचे नाव मॅजेस्टिक शॉपिंग सेंटर. म्हणजे वास्तू गेली, वस्तू गेली, राहिले ते नाव, आणि राहिल्या त्या पाहणाऱ्यांच्या आठवणी. या आठवणींना इतिहासाच्या दरबारात किती किंमत द्यावी, हा आमच्या आजच्या बोलण्याचा विषय आहे.

मुंबईच्या थिएटराची गोष्ट अलिबागेत कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. आमच्या जिल्ह्याचे (त्याला १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हा म्हणत, पुढे रायगड झाले) पुरुषमाणूस दोन ठिकाणी राहत आले आहे. घर, वाडी आणि कुलदैवत इकडे. गिरणी, गोदी, छापखाना किंवा पेढीवरची नोकरी तिकडे. गणपतीला आणि शिमग्याला गावी यावयाचे आणि उरलेले दिवस चाळीतल्या एका खोलीत पाचसहा जणांनी मिळून काढावयाचे, अशी कित्येक घराण्यांची तीनतीन पिढ्यांची रीत होती. त्या खोलीत बसावयास जागा नसे. मग सुटीच्या दिवशी माणूस जाणार कोठे? चौपाटीवर, देवळात, नाहीतर सिनेमाला. मुंबईचे थिएटर म्हणजे आमच्या माणसांची सार्वजनिक ओसरी होती, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

गिरगावाला हे स्थान 'आलम आरा'च्या आधीपासूनच मिळालेले होते. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे मुंबईत वॉटसन हॉटेलात दाखविली गेली, तेथे आमच्यातला चाकरमानी जाणे शक्य नव्हते. पण पुढे तंबू आले, मग पक्की थिएटरे आली, आणि ती गिरगावाच्या आसपास दाटीने उभी राहिली. दादासाहेब फाळक्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला तो गिरगावातल्या अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये. त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी लागला तोही सँडहर्स्ट रोडवरच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये, म्हणजे गिरगावातच. त्या खेळाची जाहिरात आज वाचली तर मौज वाटते. नुसता चित्रपट दाखवून लोकांचे समाधान होईल याचा चालकांना भरवसा नव्हता. म्हणून जोडीला एका मडमेचा नाच, एक विनोदी प्रवेश आणि पायांनी वस्तू झेलणाऱ्या कसरतपटूचे प्रयोग ठेवले होते. हरिश्चंद्राच्या सत्त्वपरीक्षेला असे तोंडीलावणे लागले!

फाळक्यांचेच उदाहरण आम्ही मुद्दाम पुढे ठेवतो. ख्रिस्तपट त्यांनी नेमका केव्हा पाहिला, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. कोणी १९१० चा नाताळ धरतात, कोणी १९११ चा ईस्टर. ज्या घटनेने एका माणसाचे आयुष्य बदलले आणि देशात एक नवा धंदा उभा राहिला, तिचा दिवस निश्चित सांगता येत नाही. मात्र पाहताना काय झाले, ते फाळक्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे: पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि त्यांच्या मनश्चक्षूंपुढे राम आणि कृष्ण उभे राहत होते. तारीख हुकली आणि अनुभव टिकला. प्रेक्षकाच्या आठवणीचे हे लक्षण ध्यानात ठेवले पाहिजे. पुढे त्याचा उपयोग आहे.

मूकपट म्हणजे मुका खेळ, अशी आजच्या तरुणांची समजूत असते. ती चुकीची आहे. पडदा मुका असे, थिएटर मुके नसे. पडद्याखाली पेटी आणि तबला वाजे. मजकुराच्या पाट्या पडद्यावर आल्या की वाचता येणारा शेजाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवी, आणि पिटात असे वाचणारे दहावीस जण निरनिराळ्या वेगाने वाचू लागले म्हणजे शाळेच्या वर्गासारखा गलका होई. मास्टर विठ्ठलने तलवार उपसली की शिट्ट्या सुरू होत. निरक्षर माणसालाही कोणी परके समजत नसे. चित्र सर्वांचे होते. कोळ्याचे, कुणब्याचे, भंडाऱ्याचे आणि बामणाचेही.

आता या थिएटराकडे आमची माणसे जात कशी, ते सांगितले पाहिजे, कारण आम्ही ज्या आठवणी ऐकल्या त्यांत निम्मा भाग प्रवासाचा असतो. रेवस, धरमतर आणि उरणच्या मोरा बंदरावरून बोट भाऊच्या धक्क्याला लागे. मुरुड, श्रीवर्धनकडच्या माणसाला खुल्या समुद्रातून जाणारी बोट धरावी लागे. ती किनाऱ्यापासून दूर उभी राही आणि पडावातून तिच्यावर चढावयाचे असे. पावसाळ्यात ही बाहेरची वाहतूक बंद. बंदरातली, म्हणजे रेवस-उरणची, मात्र चालू. त्यामुळे मुरुडच्या माणसाची सिनेमाची आठवण बहुधा हिवाळ्याची किंवा उन्हाळ्याची असते आणि रेवसच्या माणसाच्या आठवणीत पाऊसही असतो. धक्क्यावर उतरल्यावर ट्राम. संध्याकाळचा खेळ पाहिला तर परतीची बोट मिळत नसे, म्हणजे सिनेमाच्या तिकिटाबरोबर रात्रीच्या पथारीची सोय पाहणे आले. आठवणी सांगणारे पुष्कळ जण चित्रपटाचे नाव विसरतात, पण रात्र कोणाच्या खोलीवर काढली ते विसरत नाहीत.

ट्रामचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट जाता जाता सांगतो. अलिबागकरांना ती ठाऊक असावी, पण या संदर्भात कोणी सांगत नाही. मुंबईत १८७४ पासून घोड्यांची ट्राम होती. विजेची ट्राम सुरू होणार असे ठरले तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकीय उपकरणांवर विजेच्या प्रवाहाचा परिणाम होईल, ही अडचण उभी राहिली. म्हणून १९०४ साली ती वेधशाळा येथे अलिबागेत आली आणि लोखंडाचा स्पर्श नसलेल्या पोरबंदरी दगडाच्या इमारतीत चुंबकसूची निर्धास्त झाली. १९०७ मध्ये विजेची ट्राम धावू लागली. जी ट्राम चुकविण्यासाठी सरकारने आपली सूची अलिबागेस धाडली, त्याच ट्राममध्ये बसून अलिबागची माणसे पुढे ३१ मार्च १९६४ पर्यंत, म्हणजे ती बंद पडेपर्यंत, मुंबईत हिंडत होती. असो.

मॅजेस्टिक हे अर्देशिर इराणी आणि अब्दुलअली युसूफअली या भागीदारांचे थिएटर. इराण्यांनी 'शो बोट' हा अर्धामुर्धा बोलणारा अमेरिकन चित्रपट मुंबईच्या एक्सेलसियर थिएटरात पाहिला आणि आपण असा चित्रपट काढावयाचा, असे मनाशी ठरविले. त्यांच्या इंपीरियल कंपनीचा स्टुडिओ रेल्वेच्या रुळांशेजारी होता. गाड्यांचा खडखडाट ध्वनिफितीवर उतरू नये म्हणून चित्रण गाड्या थांबल्यानंतर मध्यरात्री करावे लागे. ध्वनी आणि चित्र एकाच फितीवर एकाच वेळी उतरे. मागाहून आवाज भरण्याची सोय नव्हती. त्यामुळे गाणारा नट कॅमेऱ्यासमोर आणि वादक कॅमेऱ्याला दिसणार नाहीत असे कोठे तरी आडोशाला, अशी कसरत चाले. सात गाणी त्यांनी अशी उतरवली.

पहिल्या दिवशी काय झाले, याची हकीकत युसूफअलींनी सांगितलेली आहे. भल्या सकाळपासून थिएटरापुढे माणसे लोटली. खुद्द मालकांना आत शिरणे कठीण झाले. रांगेत उभे राहावयाचे असते ही कल्पनाच तेव्हा प्रेक्षकाला नव्हती. तिकिटाच्या खिडकीवर झुंबड उडाली, रहदारी तुंबली आणि पोलीस बोलवावे लागले. चार आण्यांचे तिकीट काळ्या बाजारात चारपाच रुपयांना विकले गेले. हीसुद्धा आठवणच आहे, आणि सांगणारा मालक आहे, हे विसरू नये; मालकाला आपल्या थिएटरापुढची गर्दी थोडी मोठी दिसणारच. परंतु एवढी गर्दी लोटली ती काय पाहावयास? खरे म्हणजे ती ऐकावयास लोटली होती.

या चित्रपटाची एक बाजू आमच्या किनाऱ्याशी जोडलेली आहे, आणि ती आमच्याकडच्या प्रेक्षकांपैकी कोणाला ठाऊक होती असे दिसत नाही. 'आलम आरा' ज्या नाटकावरून घेतला ते लिहिणारे जोसेफ डेव्हिड. पारशी रंगभूमीवरचे ते नामांकित नाटककार होते आणि त्यांचे आडनाव पेणकर. ते बेने इस्रायल समाजातले. हा समाज कित्येक शतके आमच्या किनाऱ्यावर राहिला. आपल्याकडे त्यांना शनिवार तेली म्हणत, कारण ते तेलाचा घाणा चालवीत आणि शनिवारी तो बंद ठेवीत. त्यांची आडनावे वाचली म्हणजे आपल्या जिल्ह्याचा नकाशाच वाचल्यासारखे होते: पेणकर, रेवदंडेकर, नवगावकर, चेऊलकर, रोहेकर, किहीमकर. पुढे हिंदी चित्रपटात डेव्हिड या एकेरी नावाने गाजलेले आणि 'बूट पॉलिश'मधल्या जॉनचाचामुळे घराघरांत पोहोचलेले नट, त्यांचे संपूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर; हे चेऊल म्हणजे आपले चौल. पहिल्या बोलपटाच्या शनिवारच्या त्या गर्दीत पेणचा कोणी गृहस्थ असला, तर पडद्यावरची कथा आपल्याच गावच्या आडनावाच्या माणसाची आहे, हे त्याला कोणी सांगितले नसणार.

दुसरा धागा याहून विलक्षण आहे. 'आलम आरा'ची नायिका झुबेदा. ती सचीन संस्थानच्या नवाबाची मुलगी, असे तिच्या चरित्रकारांनी लिहिले आहे. नवाबाने ते नाते अधिकृतपणे मान्य केल्याचा दाखला मात्र मिळत नाही. तिची आई फातमा बेगम हीसुद्धा नटी, आणि १९२६ साली चित्रपट दिग्दर्शित करणारी या देशातली पहिली स्त्री. आता हे सचीन संस्थान कोणाचे? सुरतेजवळचे हे छोटे संस्थान १७९१ मध्ये स्थापन झाले ते जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातल्या वारसाने, जंजिऱ्याच्या गादीवरचा हक्क सोडून. म्हणजे नायिकेचे पितृकुल मानावयाचे तर ते आमच्या मुरुडसमोरच्या पाण्यातल्या किल्ल्यापर्यंत येऊन पोहोचते. १९३१ साली मुरुड-श्रीवर्धन हा मुलूख जंजिरा संस्थानात होता; तो १९४८ मध्ये विलीन झाला. मुरुडचा माणूस सिद्दी नवाबाची प्रजा होता. त्याने चार आणे मोजून मॅजेस्टिकच्या पिटात बसून जी शाहजादी पाहिली, ती त्याच्या राजाच्या भाऊबंदांतली निघाली!

नायकाची गोष्ट वेगळी. मास्टर विठ्ठल हा मूकपटातला मराठी मुलांचा देव. तलवारीत त्याचा हात धरणारा नव्हता. पण बोलपटात तोंड उघडावे लागते आणि त्याला हिंदुस्थानी धड येईना. म्हणून त्याला पुष्कळ वेळ निद्रिस्त आणि भारलेल्या अवस्थेत दाखवून संवाद कमीत कमी ठेवले, असे जाणकार सांगतात. बोलपटाने पहिल्याच दिवशी कोणाचे काय घेतले ते यात दिसते. पिटातल्या पेटीवाल्याची आणि तबलजीची नोकरी गेली. पाट्या मोठ्याने वाचून दाखवणाऱ्याचे महत्त्व गेले. आणि जे चित्र सर्वांचे होते ते भाषेभाषेत वाटले गेले. आमच्या कोकणी बाईला हिंदुस्थानी संवादातले किती कळले असेल? ती गाणी तेवढी घेऊन घरी आली. पुढच्याच वर्षी, १९३२ साली, कोल्हापूरच्या प्रभात कंपनीने 'अयोध्येचा राजा' मराठीत काढला. दुर्गाबाई खोटे तारामती झाल्या. एकोणीस वर्षांपूर्वी ती भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाला करावी लागली होती. हरिश्चंद्राची तीच कथा, पण आता ती कानाला आपली वाटली.

येथून आठवणींच्या परीक्षेकडे वळतो. गेली काही वर्षे अलिबाग, रेवदंडा, मुरुड आणि उरण या बाजूच्या वयस्क मंडळींकडून आम्ही अशा गोष्टी ऐकत आलो. १९३१ मध्ये जो दहा वर्षांचा होता तो आज शंभरी ओलांडलेला असणार. त्यामुळे 'आलम आरा'च्या आठवणी आम्हांला मिळाल्या त्या वडिलांनी किंवा आजोबांनी सांगितलेल्या, दुसऱ्या हाताच्या. त्यांत चुका आहेत. कोणी तो चित्रपट वर्षभर चालला म्हणतो. प्रत्यक्षात मॅजेस्टिकमध्ये तो आठ आठवडे चालला. कोणी तो इंपीरियल थिएटरात पाहिल्याचे सांगतो. हा कंपनीच्या नावाचा गोंधळ. तरुण मंडळींत मॅजेस्टिक म्हटले की कुलाब्याचे आमदार निवास आठवणारेही भेटतात. तेथे पूर्वी मॅजेस्टिक नावाचे हॉटेल होते. त्याचा थिएटराशी संबंध नाही. गिरगावातल्या केशवराव कोठावळे यांच्या मॅजेस्टिक बुक स्टॉलमुळे हे नाव मराठी वाचकाच्या तोंडी राहिले, हाही एक योगच.

सर्वांत रूढ चूक चित्रपटाच्या नाशाविषयीची आहे. २००३ च्या जानेवारीत पुण्यात आग लागली आणि चित्रपट संग्रहालयाच्या ताब्यातल्या जुन्या फिती जळाल्या; 'आलम आरा' त्यात गेला, असे शिकलेली माणसेही सांगतात, छापतातही. ते खरे नाही. संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले, त्याची उभारणी करणाऱ्या पी. के. नायर यांना ही प्रत कधी मिळालीच नव्हती. नायर सांगत, की त्यांनी वृद्ध अर्देशिर इराण्यांची गाठ घेतली तेव्हा फितींचे काही डबे कोठे तरी पडले असतील असे इराणी म्हणाले. पण त्यांच्या मुलाने बाजूला घेऊन सांगितले की त्या फितींतली चांदी काढून त्यांची केव्हाच विल्हेवाट लावली आहे. जुन्या काळ्यापांढऱ्या फितीवरच्या लेपात चांदी असते. ती काढून विकणे हा तेव्हाचा राजरोस व्यवहार होता. देशाच्या पहिल्या बोलपटाचा शेवट आगीत झाला ही कथा लोकांना बरी वाटते, कारण आगीला दैव म्हणता येते. भंगाराच्या भावाला दैव म्हणता येत नाही. आमच्या मते ही चूक स्मरणशक्तीची नाही, ती लाजेची आहे.

मग अशा चुकणाऱ्या आठवणी घेऊन करावयाचे काय? हे ठरविण्यासाठी ज्याची प्रत शिल्लक आहे असा चित्रपट घ्यावा आणि आठवण तेथे पारखून पाहावी. प्रभातचा 'संत तुकाराम' १२ डिसेंबर १९३६ रोजी मुंबईत सेंट्रल सिनेमात लागला. हेही गिरगावातलेच थिएटर. तेथे तो सत्तावन्न आठवडे चालला. येथे 'वर्षभर चालला' ही आठवण खरी आहे, किंबहुना थोडी कमीच आहे. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवातही त्याची वाखाणणी झाली. आमच्या बाजूच्या कितीतरी घरांत आजी किंवा पणजी आयुष्यात एकच चित्रपट पाहून वारली आणि तो हा, असे सांगतात. बोटीत पाऊल न टाकणारी बाई तुकारामासाठी बोटीत बसली.

त्या घरांतून सांगितलेले प्रसंग आम्ही चित्रपटाशी ताडून पाहिले. चिडलेली जिजाई देवळात विठ्ठलावर वहाण घेऊन जाते, तो प्रसंग सर्वांना आठवतो आणि तो आहे तसाच आठवतो. शेवटी गरुडावर बसून तुकोबा वैकुंठाला जातात, तेही तंतोतंत. क्रम चुकतो, गाण्यांची सरमिसळ होते, पण न घडलेले कोणी घुसडीत नाही. याशिवाय ती आठवण आणखी काही सांगते, जे कोणत्याही प्रतीत सापडणार नाही. बायका वहाणा काढून बसल्या. विठ्ठलाचा गजर झाला तेव्हा पिटातून साथ आली. दिवे लागल्यावर पडद्याच्या दिशेने हात जोडून मगच माणसे उठली. विष्णुपंत पागनिस दिसले की लोक त्यांच्या पायांवर डोके ठेवीत, ही गोष्ट तर प्रसिद्धच आहे. आणि पुढे घरोघर लागलेल्या तुकोबांच्या तसबिरींत पुष्कळदा चेहरा पागनिसांचा असतो, हे आपण आपल्या भिंतीवर पाहून घ्यावे. पागनिस तरुणपणी नाटकांतून स्त्रीभूमिका करीत असत. ज्याला लोकांनी शालूत पाहिले त्यालाच पुढे संत म्हणून वंदन केले, आणि दोन्ही वेळा मनापासून.

ज्याची प्रत आहे तेथे आठवण मोठ्या अंशी खरी ठरते, मग ज्याची प्रत नाही तेथेही ती अगदीच टाकाऊ ठरवता येत नाही. मात्र तिला योग्य तो प्रश्न विचारला पाहिजे. किती आठवडे, कोणते साल, कोणते थिएटर, हे प्रश्न वर्तमानपत्राच्या जुन्या फायलींना विचारावे. आठवणीला विचारावे की कोण कोणाबरोबर गेले, काय नेसून गेले, कोठे बसले, काय ऐकले आणि घरी येऊन काय सांगितले. 'आलम आरा'च्या दुसऱ्या हाताच्या ज्या थोड्या आठवणी आम्हांला मिळाल्या त्यांत एक गोष्ट पुनःपुन्हा येते. झुबेदा कशी दिसे, राजवाडा कसा होता, हे कोणी सांगत नाही. फकिराचे गाणे सांगतात. डब्ल्यू. एम. खान यांनी ते पेटी-तबल्याच्या साथीवर म्हटले होते. गाणे ऐकून काही जणांनी मागे वळून पाहिले, की हा आवाज मागच्या बाकांवरून तर आला नाही! गोष्ट खरी की रचलेली, ते ठरविण्याचा मार्ग नाही. पण आवाज नेहमी पिटातून यावयाचा आणि आज तो पडद्यातून आला, हा त्या दिवसाचा धक्का यापेक्षा नेमका दुसऱ्या कोणत्या कागदात सापडेल?

आणखी एक गोष्ट. आमच्या आठवणींत साल नसते, पण कालगणना असते, आणि ती रामदास बोटीवरून चालते. १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावास्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. रेवसच्या कोळ्यांनी होड्या घालून काहींना वाचविले. या किनाऱ्यावर ज्यांच्या घरी त्या दिवशी सुतक आले नाही त्यांच्या शेजारी तरी आले. म्हणून आमच्याकडची म्हातारी सांगते की अमुक चित्रपट रामदासच्या आधी पाहिला, तमुक नंतर. नंतर कित्येक वर्षे घरातली वडील माणसे तरुणांना केवळ सिनेमासाठी बोटीत बसू देत नसत. मुंबईच्या चित्रपट-इतिहासात हे कोठे लिहिलेले नाही आणि लिहिले जाण्याचे कारणही नाही. पण सिनेमाला जाणे म्हणजे पाणी ओलांडणे, ही आमच्या प्रेक्षकाची स्थिती होती आणि ती गिरगावच्या चाळीतल्या प्रेक्षकाला ठाऊक नव्हती.

स्वातंत्र्यानंतरच्या दिवसांबद्दल बोलणारे मात्र प्रत्यक्ष साक्षीदार आहेत. त्यांचे मॅजेस्टिक हे पहिल्या बोलपटाचे थिएटर नव्हे. ते उतरती कळा लागलेले, ओळखीचे, स्वस्त थिएटर. दारावरचा माणूस तिकीट फाडून अर्धे हातात देई, ते पुरावा म्हणून गावी न्यावयाचे. मध्यंतरात सोडा आणि चणे. बिडीचा धूर यंत्राच्या झोतात वर चढताना दिसे, आणि कित्येकांना चित्रपटापेक्षा तो झोतच अधिक आठवतो. १९६२ च्या युद्धानंतर खेळाच्या शेवटी राष्ट्रगीत वाजू लागले, तेव्हा बोट गाठावयाची घाई असलेला माणूस दाराजवळ उभा राहून ते संपण्याची वाट पाही. गाण्यांची पुस्तिका एकदोन आण्यांना मिळे. ती विकत घेणारा गावी गेला म्हणजे शेजारपाजारची मुले त्याच्याभोवती जमत, कारण चाली फक्त त्याला ठाऊक असत. गावोगावी रेडिओ येईपर्यंत चाली समुद्र ओलांडून आल्या त्या अशा, कोणाच्या तरी घशातून. वाटेत थोड्या बदलल्याही असतील.

आज मांडव्याहून भाऊच्या धक्क्याला मोटारीसकट बोटीतून जाता येते. ती सोय २०२० मध्ये झाली. २०२४ पासून उरणच्या बाजूने समुद्रावरचा पूलही आहे. गिरगावात पोहोचणे इतके सोपे कधीच नव्हते. पोहोचल्यावर पाहावयास कॉरोनेशन नाही आणि मॅजेस्टिक नाही. थिएटर पडले तेव्हा कोणी त्यातली एखादी खुर्ची, तिकिटाचे पुस्तक किंवा फलक जपून ठेवला असेल तर तो मुंबईपेक्षा एखाद्या कोकणातल्या माळ्यावर सापडण्याचा संभव आम्हांला अधिक वाटतो. आमच्या माणसाला वस्तू फेकून देण्याची सवय नाही. तो ती पोत्यात बांधून गावी धाडतो.

गाण्यांच्या जुन्या पुस्तिका, अर्धी तिकिटे, बोटीच्या पावत्या, थिएटरासमोर काढलेले एखादे छायाचित्र, असे काही आपल्या घरी असल्यास ते कृपा करून झुरळांच्या आणि कसरीच्या स्वाधीन करू नये. आणि मॅजेस्टिकमध्ये किंवा सेंट्रलमध्ये स्वतः बसून चित्रपट पाहिलेली मंडळी आज या मांडवात निश्चित आहेत. समोरच्या दोन रांगांकडे पाहून आम्हांला तसे दिसते. व्याख्यान संपल्यावर आम्ही येथेच तासभर बसणार आहोत. वही आणली आहे. साल आठवले नाही तरी चालेल. रामदासच्या आधी की नंतर, एवढे सांगावे.